पोटावरची पुरचुंडी

कन्हान नदीच्या वाळूत कोहळी (लाल भोपळे), डांगरं (खरबुजं) आणि काकड्या पिकवणाऱ्या बायांना विचारा, पाणी उतरून वाळू उघडी पडली की पहिली काळजी कसली? वाळूची नाही, शेणखताची नाही. थंडीची. डिसेंबरच्या गारठ्यात कोहळ्याचं बी वाळूत नुसतं टोचलं, तर ते पाहुण्यासारखं पडून राहतं आणि आठ-दहा दिवसांत सडून जातं. म्हणून आधी घरी भिजवून मोड आणायचे आणि मोडाचं टोक खाली करून मग लावायचं. आणि मोड आणायचे म्हणजे दादाजी सोमकुवरांकडे जायचं. बावीस वर्षं नदीकाठावर हाच रिवाज होता.

गंमत अशी की दादाजी शेतकरी नव्हतेच. जवळच्या कोळसा खाणीत, जमिनीच्या पोटात, त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. वाळूतली वाडी त्यांच्या बायकोची, तुळसाबाईंची. एका हिवाळ्यात तुळसाबाईंनी बी भिजवून फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी चुकून नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत गेली. दादाजींना ती खाली गेल्यावर सापडली. त्यांनी ती लाकडी टेकूच्या खिळ्याला अडकवली आणि विसरून गेले. तिसऱ्या दिवशी बघतात तर फडक्यातून पांढरे कोंब डोकावत होते. वाडीवर इतर बायांचं बी अजून झोपलेलंच होतं.

त्या दिवसापासून दर डिसेंबरात साऱ्या काठाचं बी दादाजींबरोबर खाणीत उतरू लागलं. प्रत्येक फडकं ते स्वतःच्या हातानं पिळून बांधायचे. खाणीच्या तोंडाशी बिडी-काडीपेटीसाठी झडती घेणारा पहारेकरी पुरचुंड्या चाचपून हसायचा, "काय दादाजी, पोरायले शाळेत सोडून राहिले का?" शंभर बियांतल्या नव्वदांना मोड यायचे. बाया कौतुक करायच्या आणि दादाजी मिशीवर बोट फिरवत त्यांना शास्त्र समजावून सांगायचे, "बीले अंधार पाहिजे. घरातला अंधार नाही, जमिनीच्या पोटातला. तो काही बाजारात भेटत नाही." बाया मान डोलवायच्या. बावीस वर्षं ऐकलेली गोष्ट खोटी असेल असं कुणाला वाटतं?

मार्चमध्ये दादाजी निवृत्त झाले. शाल मिळाली, फोटो निघाला, उन्हाळा-पावसाळा मजेत गेला. डिसेंबर लागला आणि रंभाबाई दारात आल्या.

रंभाबाई म्हणजे काठावरची सर्वांत जुनी वाडीवाली. जिभेला धार, पण साऱ्या बायांचं गावरान कोहळ्याचं बी सांभाळायची जबाबदारी त्यांच्याकडे. हे कोहळं चपटं, खोल धारांचं. खाटेखाली ठेवलं तर दिवाळीपर्यंत टिकतं, आणि गुळाची गोड बोंडं तळावी ती त्याचीच. यंदा नदीला लवकर पूर येऊन वेल वाहून गेले, त्यामुळे साऱ्या काठाचं मिळून वाटीभरच बी उरलं होतं.

"दादाजी, आता खाण नाही तुमच्याजवळ," रंभाबाई म्हणाल्या. "नर्सरीतून ट्रेमधली रोपं बोलवू का? उगाच बी वाया जाईल."

"खाण नाही, पण मी तं आहो ना!" दादाजी उसळून म्हणाले. वाटी त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

खाणीत वावरलेला माणूस दोन्ही पाय एकदम पुढे टाकत नाही. दादाजींनी अर्धंच बी भिजवलं. फडक्यात बांधलं, लोखंडी पेटीत ठेवलं, पेटीवर सतरंजी टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात घातली. तुळसाबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं, "एकदा उघडून तं पाहा जी." त्यांनी हात झटकला. उजेडाची तिरीप शिरली तर सगळं मुसळ केरात!

सहाव्या दिवशी पेटी उघडली. आतून आंबूस वास आला. फडकं बुळबुळीत झालं होतं आणि बिया बोटांत दाबल्या की फुटत होत्या. एकीलाही मोड नव्हता.

रंभाबाई आल्या आणि उंबऱ्यातूनच त्यांनी वास घेतला. जाताना एवढंच म्हणाल्या, "रविवारपर्यंत वाट पाहतो. सोमवारी नर्सरीत फोन लावतो."

आता उरलं अर्धी वाटी बी. तेही सडलं तर कन्हानच्या वाळूतून हे कोहळं कायमचं गेलं, आणि गेलं ते दादाजी सोमकुवरांच्या हातून. दोन दिवस त्यांनी त्या वाटीला हात लावला नाही. खाणीनं आपल्याला चौतीस वर्षं नाव दिलं आणि नोकरीबरोबर तेही काढून घेतलं, असं त्यांच्या मनात येऊ लागलं.

बुधवारी सकाळी हवा फारच बोचरी होती. तुळसाबाईंनी ट्रंकेतून त्यांचा तपकिरी स्वेटर काढला आणि झटकता झटकता हसल्या.

"काहून हसून राहिली वं?"

"वीस वर्षं झाले या स्वेटरले. पाहा कसा नवाकोरा आहे. घालत होते कुठं तुमी? खाणीच्या तोंडापर्यंत नेत होते अन् तिथं टांगून देत होते. स्वेटर कोरडा अन् बंडी घामानं चिंब. पूस-माघात गारठलेल्या हातानं तुमच्या घामाच्या बंड्या धुतल्या मी. अख्खी वस्ती शेकोटीपाशी बसे, अन् माह्या नवऱ्याले घाम!"

दादाजींनी तो कोरा स्वेटर हातात घेतला. घाम. वरती दात वाजायचे आणि खाली उतरलं की दहा मिनिटांत अंगातून धारा. खाली बारा महिने वैशाख! अंधार तर पेटीतही होता, हवा तेवढा होता. पेटीत नव्हती ती ऊब. बावीस वर्षं ते बायांना अंधाराचं पुराण सांगत आले आणि खरी गोष्ट रोज त्यांच्याच पाठीवरून ओघळत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

पण कळून उपयोग काय? आता तेवढी ऊब आणायची कुठून, दिवसरात्र, ना जास्त ना कमी? चुलीजवळ बी भाजतं, उन्हात सुकतं. दादाजींनी बंडीत हात घालून स्वतःचं पोट चाचपलं आणि तुळसाबाईंना म्हणाले, "फडकं दे."

अर्धी वाटी बी कोमट पाण्यात भिजवलं, संध्याकाळी फडक्यात बांधलं, वर प्लास्टिकची पन्नी गुंडाळली आणि पोटाशी धोतराच्या पट्टीनं आवळलं. वरून बंडी, वरून तो नवाकोरा स्वेटर. तीन दिवस आंघोळ नाही, वाकणं नाही, पालथं झोपणं नाही. चहाच्या टपरीवर लोकांनी त्यांचं फुगलेलं पोट पाहिलं आणि विचारलं, "कितवा महिना गा, दादाजी?"

"शेवटचा," दादाजी गंभीरपणे म्हणाले आणि चहा जपून प्यायले.

रविवारी सकाळी रंभाबाईंसकट पाच जणी अंगणात येऊन बसल्या. दादाजींनी पुरचुंडी सोडली. पन्नी निघाली. फडकं उलगडलं. बिया फुगून तडकल्या होत्या, आणि जवळपास प्रत्येकीच्या टोकातून बोटाच्या पेराएवढा पांढराशुभ्र मोड बाहेर आला होता. रंभाबाईंनी एक बी तळहातावर घेतली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "आली गा माय माही."

मग त्यांनी मान वर केली. "पण पोटावर तुमचा तो जमिनीतला अंधार कुठून आला?"

दादाजींना सहज निभावून नेता आलं असतं. स्वेटरखालीही अंधारच असतो, म्हणाले असते तर बायांनी पुन्हा मान डोलवली असती आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा त्यांच्याच दारात आल्या असत्या. त्यांनी क्षणभर तुळसाबाईंकडे पाहिलं.

"अंधाराचं काही नव्हतं," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी तुमाले चुकीचं सांगत आलो. बीले ऊब पाहिजे. ते मले माह्या बायकोच्या बोलण्यातून समजलं. अंगाची ऊब तुमच्याजवळ भी आहे. मी कशाले पाहिजे? कोणी भी करू शकते."

बोलून झाल्यावर त्यांना मोकळं वाटलं आणि एकटंही. चौतीस वर्षांची खाण गेली होती, आता हेही आपल्याच हातानं देऊन टाकलं. बाया उठल्या, मोड आलेलं बी वाटून घेतलं आणि आपापल्या घरी गेल्या.

अर्ध्या तासानं रंभाबाई परत आल्या. मागे चौघी. काकडी आणि डांगराचं बी त्यांनी आदल्या रात्रीच भिजत घातलं होतं, लावायचं अजून बाकी होतं. प्रत्येकीच्या हातात भिजवलेल्या बियांचा वाडगा आणि एक ओलं फडकं.

"ऊब आहे आमच्याजवळ," रंभाबाई म्हणाल्या. "पण ओलं किती ठेवावं हे तुमच्याच हाताले समजते. जास्त झालं तं सडते, कमी झालं तं सुकते. पिळून द्या."

दादाजी पाटावर बसले. त्यांनी पहिलं फडकं हातात घेतलं, पिळलं, कानाजवळ नेऊन पाण्याचा आवाज ऐकत पुन्हा थोडं पिळलं आणि उजेडात धरून दाखवलं. ओलं दिसलं पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. एक झालं, दुसरं झालं. डिसेंबरच्या पाण्यानं बोटं बधिर होत होती आणि त्यांची छाती स्वेटरमध्ये मावत नव्हती. पाच फडकी पिळून त्यांनी मान वर केली, तर रांगेत शेवटी तुळसाबाई उभ्या होत्या, स्वतःचा वाडगा घेऊन.

"तू काहून वं रांगेत?" दादाजी म्हणाले. "घरचीच तं आहेस."

"अशा माणसापाशी रांगेतच यावं लागते जी," तुळसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फडकं पुढे केलं.