खाला चालायला तयार नाहीत

वाळवंटातल्या शहरात राहून सोनलनं वाळवंट पाहिलेलं नाही, हे परभणीला तिच्या माहेरी कुणाला पटलं नसतं. लग्न करून ती कुवेतला आली, त्याला आता बारा वर्षं होत आली होती. महबूला भागातला फ्लॅट, क्लिनिकची व्हॅन, पेशंटची घरं, येताना भाजी, पुन्हा फ्लॅट. वाळू तिला भेटायची ती खिडकीच्या फटीतून येऊन ओट्यावर बसलेली, आणि ओल्या फडक्यानं पुसली जायची. उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला हात लावला की चटका बसे, म्हणून गिझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरायचं, याचंही तिला आता काही वाटत नसे. एकच गोष्ट मात्र तिला कधी उलगडली नव्हती. थंडी पडली की घरी झुंबरं आणि दारात चार-चार गाड्या असलेली इथली माणसं शहराबाहेर जाऊन तंबू ठोकून राहतात. कशाला?

"हौस," तिचा नवरा देवदत्त म्हणायचा. अहमदीला नोकरीवर जाता-येता त्याला ते तंबू दूरवर दिसत. "आपण नाही का शेतात हुरडा खायला जात?"

"हुरड्याला फ्रीज घेऊन जातं का कुणी? तंबूत फ्रीज असतो म्हणे."

सोनल फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम करून घ्यायचे, हे तिचं काम. या हिवाळ्यात तिच्याकडे उम्म हमजा आल्या होत्या. उम्म हमजा म्हणजे हमजाची आई. खरं नाव कुणी घेत नसे. सोनल त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ऐंशीच्या घरातल्या या बाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड छान जुळलं होतं. दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. पण वॉकर धरून उभ्या राहायच्या, एक पाऊल टाकायच्या, खाली बघायच्या आणि मटकन खुर्चीत बसायच्या.

"बुकरा," म्हणायच्या. म्हणजे उद्या.

असे किती उद्या गेले. सोनलनं लाडीगोडी लावली, रागावून पाहिलं, नातवंडांना समोर उभं केलं. या वयात माणूस बसलं की पाय चालणं विसरतात, हे तिनं आधी दोन घरांत पाहिलं होतं. खुर्चीतून माणूस पलंगावर जातं, आणि पलंगावरून परत येत नाही. रात्री भात कालवतानाही तिला खालांचे ते हलके हलके बारीक होत चाललेले पाय दिसत.

आणि मग एके दिवशी खालांनी अरबी-हिंदीची मिसळ करून तिला सांगून टाकलं, "मला बर्रला ने. तिथं चालते."

बर्र म्हणजे उघडं वाळवंट. त्यांच्या घरचा तंबू तिथं लागलेलाच होता.

हमजा, धिप्पाड आणि आईपुढे शेळी, सोनलकडे बघत म्हणाला, "डॉक्टर नको म्हणतात. पण आई ऐकते ती तुमचं. तुम्ही सांगाल तसं." क्लिनिकला विचारलं, तर त्यांनी कुटुंबाची तयारी असेल तर बघा म्हटलं, म्हणजे काहीच म्हटलं नाही.

"वाळूत वॉकर चालतो का?" देवदत्तनं जेवताना विचारलं.

"मला काय माहीत? मी कुठं नेलाय वाळूत वॉकर?"

"मग नाही म्हण."

"नाही म्हटलं तर त्या खुर्चीतून उठत नाहीत. हो म्हटलं आणि त्या पडल्या, तर इथून आपलंच बिऱ्हाड उठतं."

देवदत्तनं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

शुक्रवारी ती गेली. गाडीतून उतरल्यावर तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. दोन मोठे तंबू, आत गालिचे, टीव्ही, मागे धडधडणारा जनरेटर. फ्रीज एक नव्हे, दोन होते. हवेत इतका गारठा की तिनं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. चार पावलांवर शेगडीत लाकडं पेटली होती आणि हमजा किटली घेऊन बसला होता.

तिनं तंबूबाहेर खुर्चीत बसलेल्या खालांपुढे वॉकर मांडला. त्याचे चारही पाय वाळूत रुतले.

"गाडी फसली तुझी," खाला खो-खो हसल्या. मग वाकून पायातले हॉस्पिटलचे रबरी ठिपक्यांचे मोजे ओढून काढू लागल्या.

"खाला, मोजे राहू द्या. घसराल."

"इथं? इथं कुठं घसरायचं?"

सोनलनं त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, मागून घट्ट धरला आणि मनातल्या मनात कुलदेवतेचं नाव घेतलं. खाला उठल्या. एक पाऊल. खाली पाहिलं. आता बसणार, म्हणून सोनलनं गुडघे वाकवले. पण खाला बसल्या नाहीत. दुसरं पाऊल पडलं, तिसरं पडलं.

"घरी का नाही चालत मग?" न राहवून तिनं विचारलं.

"घरी खाली पाणी असतं."

"पाणी?"

"फरशीवर. रोज. पडले तेव्हा होतं तसं. हमजा म्हणतो कोरडी आहे. तूही म्हणतेस. मला दिसतं ना पाणी!"

सोनलच्या डोळ्यांपुढे खालांच्या घरचा दिवाणखाना आला. भिंतभर काच, वर झुंबर, आणि आरशासारखा घोटलेला पांढरा संगमरवर. तिनं रोज विचारलं होतं, दुखतंय का, गरगरतंय का. काय दिसतंय, हे नव्हतं विचारलं.

तेवढ्यात भुसभुशीत जागी खालांचा गुडघा दुमडला. हमजा किटली टाकून धावला.

"थांबा! ओढू नका त्यांना!" सोनल इतकी ओरडली की तो जागच्या जागी थिजला. तिनं खालांना स्वतःच्या मांडीवर टेकवलं आणि पट्टा न सोडता हळूहळू वाळूत बसवलं. "दुखतंय? कुठं दुखतंय?"

खालांनी दोन्ही हातांनी वाळू मुठीत घेतली. "किती दिवसांनी जमिनीवर बसले," म्हणाल्या.

बसणं सोपं होतं. उठायचं कसं, हा खरा प्रश्न. सोनलनं तंबूतून बुटकं स्टूल मागवलं. हात त्यावर, चांगला पाय पुढे, नजर समोर. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला खाला कण्हत, देवाचं नाव घेत उभ्या राहिल्या आणि थेट शेगडीपाशी गेल्या. हमजानं दुसऱ्यांदा ठेवलेली किटली उघडून त्यांनी आत पाहिलं.

"हा चहा आहे का डांबर?"

हमजा हसत होता आणि डोळे पुसत होता.

"यांना घरी आणायच्या आधी," सोनल त्याला म्हणाली, "पलंगापासून बाथरूमपर्यंत खरखरीत गालिचा पसरा. बिनचकाकीचा. घट्ट बसवा, कड उचलायला नको. आणि दिव्यांची चमक फरशीवर पडणार नाही असं बघा."

"सगळा संगमरवर झाकू? तो मी इटलीला जाऊन निवडला होता!"

"मग तू चाल त्याच्यावर," खाला म्हणाल्या. चहा पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि सोनलपुढे हात केला. "चल, बिंती, चल माझ्या पोरी. तंबूच्या मागं जाऊ."

सोनलनं पट्टा पुन्हा धरला. तंबूमागं वाळू सरळ आभाळापर्यंत गेलेली होती.

"तिथं काय आहे, खाला?"

"काही नाही," खाला म्हणाल्या. "ये, दाखवते."