दोन घरांच्या वैराची सहावी नोंद

सेक्टर दोन आणि सेक्टर दहा इथल्या दोन घरांचे ते प्रकरण इतक्या वर्षांनंतरही मनातून गेलेले नाही. नावे देत नाही. छत्तीसगड राज्य होऊन काही वर्षे झाली होती, मोबाइल अजून मोजक्याच खिशांत असे, आणि मी भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

दोन्ही घरे वैनगंगेकाठच्या एकाच गावची, पोटासाठी पोलाद कारखान्यात आलेली. दिवाळीनंतर गावाला मंडई, म्हणजे जत्रा भरते तेव्हा अशी माणसे सुटी काढून गावी जातात. माझ्या नेमणुकीच्या वीसेक वर्षे आधी अशाच एका मंडईत सेक्टर दहाच्या घरातल्या एकाने सेक्टर दोनच्या घरातल्या थोरल्या भावाच्या डोक्यात काठी घातली. थोरला गेला. मारणारा शिक्षा भोगताना तुरुंगातच वारला.

गुन्हा महाराष्ट्रातला होता, पण माणसे इथली, म्हणून आमच्या ठाण्याच्या नोंदवहीत एक टिपण उघडले गेले: ‘दोनों परिवारों में पुश्तैनी रंजिश। आना-जाना पूर्णतः बंद।’ म्हणजे पिढीजात वैर, येणेजाणे नाही. नवा ठाणेदार आला की तो जुने टिपण उतरवून खाली सही करी. मी रुजू झालो तेव्हा त्याखाली पाच घटना होत्या. मीही सही केली. वाचले होते, तपासले नव्हते.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला कालव्याच्या रस्त्यावर एक माणूस स्कूटरशेजारी बेशुद्ध सापडला. डोक्याला सरळ, खोल जखम. तो सेक्टर दोनच्या घरातला धाकटा भाऊ निघाला. ड्यूटी डॉक्टरांनी जखम ‘जड, धारदार वस्तूने शक्य’ अशी लिहिली. त्याची पहिली पाळी दोनला सुटली होती. घर पंधरा मिनिटांवर. कालवा नेमका उलट्या दिशेला. दोन ते साडेसहा हा माणूस तिथे काय करत होता, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. कोणीतरी बोलावून नेले असावे, असे आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. सेक्टर दोनच्या कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याने आमच्या हवालदाराला सांगितले, की सेक्टर दहाच्या घरातला मुलगा काल चारपासून मोटारसायकल लावून जखमीच्या घरावर नजर ठेवून होता. मुलगा म्हणजे सव्वीस वर्षांचा, ठेकेदाराकडे वीजकाम करणारा. तासाभरात आम्ही त्याला ठाण्यात आणले.

“तिथे कशाला उभा होतास?” मी मराठीतच विचारले. मी दुर्गचा, घरी मराठीच बोलतो.

“असाच.”

“अडीच तास असाच?”

“गाडी गरम झाली होती, साहेब.”

हवालदार म्हणाला, “जनवरी में?”

“माही गाडी म्हातारी हाये. तिले बारा महिने ताप येते.”

धीट होता. पण हात मांड्यांखाली दाबून बसला होता. वाट कोणाची पाहत होतास, असे विचारले की गप्प होई. घाबरलेला माणूस सहसा जास्त बोलतो, एकाची तीन कारणे देतो. हा ठरावीक जागी थांबत होता. अशी माणसे बहुधा स्वतःला वाचवत नसतात.

त्याला चोवीस तासांच्या आत दुर्गच्या कोर्टात हजर करायचे होते. खुनाच्या प्रयत्नाचे कलम, त्यात नोंदवहीतले वैर; जामीन मिळणार नव्हता. आणि त्याच्या अटकेवर लोक गप्प बसले नसते. इस्पितळाच्या व्हरांड्यात सेक्टर दोनच्या घरचे सात-आठ पुरुष बसून होते. जखमीचा चुलत भाऊ मला म्हणाला, “तुमाले नाई जमत तं आमाले सांगा, साहेब.” त्याला मी तंबी दिली, पण सेक्टर दहाला दोन शिपाईही बसवले.

दुपारी मी पानठेलेवाल्याचा जबाब स्वतः वाचला. मुलगा साडेसहापर्यंत कोपऱ्यावर होता, तर त्याच सुमारास चार-पाच किलोमीटर दूर कालव्यावर मारले कोणी? साथीदार होते म्हणावे, तर जखमी घरी नसताना हा त्या घरावर कशाला नजर ठेवील? खबर खरी होती. तिचा अर्थ आम्ही नोंदवहीतून काढला होता.

पानठेल्यावर जाऊन मी एकच विचारले. तो गेला तेव्हा एकटा होता?

“नहीं साहब, पीछे एक माताजी बैठी थीं। हाथ में थैली।”

“हे सकाळी का नाही सांगितलेस?”

“किसी ने पूछा नहीं।”

महिला शिपाई सोबत घेऊन मी इस्पितळात गेलो. जखमीची बायको खाटेशी बसली होती. तिला बाजूला बोलावले, तर चुलत दीर मागोमाग आला. मी त्याला हटवणार, एवढ्यात तीच म्हणाली, “राहू द्या. आयकू द्या त्याईले. कोनाले पकडलं म्हनता?”

मी सांगितले.

“त्या पोराले सोडा, साहेब. त्याची माय माह्या घरात बसली होती.”

“वहिनी, तुमी काय बोलून राहिल्या?”

“जे झालं ते बोलून राहिली. तुमी कालपासून इथं चहा पिऊन राहिले. मले एका शब्दानं विचारलं का कोनी?”

दोघी एकाच गावच्या लेकी, एका शाळेतल्या. लग्न होऊन एकाच गावातल्या दोन घरांत पडल्या आणि पुढे भिलाईला आल्या. मंडईतल्या खुनानंतर घरांचे बोलणे तुटले, पण संक्रांतीचे हळदीकुंकू दोघींनी मोडले नाही. दरवर्षी घरातले पुरुष बाहेर असतील असा दिवस पाहून सेक्टर दहाची बाई मागच्या दाराने येई. आधी ऑटोने, मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या गाडीवर. तो कोपऱ्यावर थांबे. आईचे नाव दोन्ही घरांतल्या पुरुषांपुढे येऊ नये म्हणून तो तुरुंगात जायला निघाला होता.

“हे जबाबात लिहावे लागेल,” मी म्हणालो.

“लिवा.” तिने चुलत दिराकडे पाहून सही केली. अक्षर स्वच्छ होते.

मुलाला त्याच संध्याकाळी सोडले. तिसऱ्या दिवशी कालव्याच्या पुढच्या गावात एक ट्रॅक्टर मिळाला. ट्रॉलीबाहेर हातभर आलेल्या लोखंडी सळ्या, त्यांना लाल फडके नाही, आणि एका सळीला स्कूटरचा निळा रंग. सळी स्कूटरवाल्याच्या डोक्याला लागल्याची चालकाने कबुली दिली.

मग मी त्या पाच नोंदी एकेक करून काढल्या. पहिली मंडईतली, खरी. दुसरी सायकल स्टँडवरची मारामारी. तीत सेक्टर दहाच्या घराचा माणूस होता, पण समोरचा भलताच. तिसरी परसातली शेड जळाल्याची, कारण स्टोव्ह. चौथी तळ्यात बुडून मेलेल्या एका पोराची. तो मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी, ‘अपघात’ म्हणून कधीच बंद झाला होता, टिपणात मात्र कायम राहिला. पाचवीची तर मूळ फाइलच सापडली नाही. वीस वर्षांचे वैर म्हणून आम्ही जे सांभाळत होतो, त्यात वैराची घटना एकच होती. सहावी आम्ही घालायला निघालो होतो.

टिपणाखाली मी सगळे लिहून सही केली. ‘आना-जाना पूर्णतः बंद’ या शब्दांवर लाल रेघ मारली.

जखमी आठवड्याने बोलू लागला. त्याचा जबाब घ्यायला मी एकटाच गेलो. तुम्ही कालव्यावर कशाला गेलात, हा प्रश्न राहिलाच होता.

“मागं एकदा लवकर घरी गेलो,” तो म्हणाला. “मागच्या दाराशी चपला होत्या. मी खाकरलो तं ते बाई चहा तसाच ठेवून पळाली, चपलाही राहिल्या. मले लई वाईट वाटलं. तवापासून बायकोनं तिळाचे लाडू केले का मी समजतो. त्या दिवशी सेकंड शिफ्ट मांगून घेतो. यंदा भेटली नाई, तं घरी ओव्हरटाइम हाये म्हनून सांगितलं. मंग कुठं जाऊ?”

मी पेन उचलले.

“हे नोका लिवू, साहेब. कागद कोर्टात वाचतीन. माही वहिनी गावी हाये, थोरल्याची बायको. बाया आल्या-गेल्या, ते तिले चालून जाईन. मी वाट मोकळी करून देतो, हे नाई चालनार. आनि बायकोलेही नाई मालूम का मले मालूम हाये.”

“का नाही सांगितले?”

“मंग चोरून भेटाची मजा काय राहिली तिले?” तो हसला, आणि टाके ओढले म्हणून कळवळला.

अपघाताच्या शाबितीसाठी ते वाक्य लागत नव्हते. मी लिहिले: ‘ड्यूटीनंतर फिरायला कालव्याकडे गेलो होतो.’ त्याने सही केली.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. नोंदवहीतली चूक सहसा कोणाच्या खोटेपणामुळे टिकत नाही. आपण ठरावीक माणसांनाच विचारतो, म्हणून ती टिकते. वीस वर्षांत त्या घरांतल्या एकाही बाईचा जबाब आम्ही घेतला नव्हता. आणि नोंद दुरुस्त करायला बसलेल्या माझ्या हातूनही एक जबाब अपुरा राहिला. तो मी जाणून अपुरा ठेवला. ते गृहस्थ, त्यांची पत्नी आणि गावच्या वहिनी, तिघेही आता हयात नाहीत. म्हणून आज तो पुरा करतो. ते फिरायला गेले नव्हते. घरी पाहुणी आली होती, आणि तिचा चहा पिऊन होईपर्यंत ते घराकडे वळणार नव्हते.