दगडाची खात्री

हॅमिल्टनजवळच्या एका गावात आमच्या कंपनीची सभा होती. कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड तिथल्या शेतांखाली, खोल खडकात कायमचा कोंडायचा बेत होता आणि त्याला गावाची संमती हवी होती. मी प्रोजेक्टर सांभाळायला गेलो होतो.

खडकांचा अभ्यास करणाऱ्या बाई बाहेरून बोलावलेल्या, पुण्याकडच्या. त्यांच्या नावाचा आमच्या मॅनेजरने असा उच्चार केला की ते कोणालाच कळलं नाही. बाईंनी दोन दगडांवर पाणी ओतलं. पहिल्याने ते पिऊन टाकलं, दुसऱ्यावरून ओघळलं. "गॅस पहिल्यात राहील, दुसरा वरून झाकण घालेल," असं म्हणून त्यांनी ओढणीने टेबल पुसलं.

गावातल्या एका शेतकरी बाईंनी विचारलं, "किती वर्षं?"

"हजारो."

"तोवर लक्ष कोण ठेवणार?"

"आम्ही!" मॅनेजर घाईने म्हणाला.

खडकांच्या बाईंनी चष्मा सरळ करून त्याला नीट न्याहाळलं. मग माइकमध्ये म्हणाल्या, "दगडाची खात्री मी देते. कंपनीची नाही देता येणार, ती फार ठिसूळ असते."

हॉल हसला. मॅनेजरने लगेच चहा जाहीर केला.

"तुमचं काम जाईल हो," मी त्यांना हळूच मराठीत म्हणालो.

"जाईलच. पण मला खोटं बोलायला बोलावलंय, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि बिस्किट चहात बुडवलं.

पुढच्या सभेला त्यांच्या जागी जाहिरात विभागातला एक हसतमुख गृहस्थ आला. 'किया ओरा' असा तिथला नमस्कार करत त्याने सगळ्यांशी हात मिळवले. खडकांतलं त्याला काहीच कळत नव्हतं, त्यामुळे त्याला कसलीही शंका नव्हती.