निळ्या काठाची कुंची

घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणाकडे बाळ यायचं असलं, की कुंची शिवायच्या त्या कोपऱ्यावरच्या मालवणी काकीच. नव्या कापडाला हात लावायच्या नाहीत. त्यांना घरातल्या म्हातारीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं लागायचं. ते गालाला लावून आधी विचारायच्या, "कोणाचा गो ह्या?" नाव कळल्याशिवाय कात्री उचलायच्या नाहीत. मग त्यावर चिंध्यांची फुलं, कधी पाठीवर मोर. एकीसारखी दुसरी कुंची कधी झाली नाही.

माझी आई गेली तेव्हा मला सातवा महिना होता. तिची लुगडी बघून मी रडते, म्हणून नवऱ्यानं ती परस्पर बोहारणीला दिली आणि स्टीलचा डबा घेतला. काकी त्याच्यावर कडाडल्याच. "तिच्या आवशीची लुगडी दिलंस? पोराक काय नायलॉन गुंडाळतलंस रे?" आणि स्वतःची नवीकोरी कळशी उचलून अनवाणी बोहारणीमागे धावल्या. परतल्या त्या एक लुगडं छातीशी धरून, धापा टाकत.

काठ निळा होता. माझ्या आईनं हिरव्या काठाशिवाय जन्मात काही नेसलं नव्हतं.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ते गालाला लावलं. "तुझ्या आवशीचा ना, म्हणान इतक्या मऊ," म्हणाल्या आणि कात्री चालवली.

लेक त्या कुंचीत शांत झोपायची. कुणाच्या तरी आईनं तिला पदराखाली घेतलं. माझी आई बोहारणीच्या गाठोड्यातून कुठे गेली, कुणास ठाऊक.