तक्त्याची शेवटची ओळ वाचणारे भावजी

माझे धाकटे दीर घड्याळजी आहेत. चौकाच्या कोपऱ्यावर, टेलरच्या दुकानाला पाठ लावून त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा, भिंतीवर तेवीस घड्याळं आणि गिऱ्हाईक जेमतेम टेकेल एवढं स्टूल. घड्याळ कधी मिळेल असं विचारलं की "एक मिनिट" म्हणायची सवय, म्हणून सगळा भाग त्यांना मिनिटभाऊ म्हणतो. त्यांचं मिनिट कधीकधी आठवड्याचं असतं. पण हात असा की तांदळाच्या कणीहून बारीक स्क्रू चिमट्यात धरून एका झटक्यात बसवतील.

एकतीस वर्षं हा माणूस उजव्या डोळ्यावर भिंग लावून बसलाय. भिंगाखाली दिसतं ते नाण्याएवढं जग, आणि त्या नाण्यातच त्यांचा दिवस जातो. त्यामुळे बाजूचं दिसेनासं झालंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते माझ्या जावेच्या. आधी त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. मग कपाच्या बाजूने गेलेला हात कप पाडूनच पुढे जायचा. एकदा ती शेजारी उभी राहून दोनदा बोलली, तरी हे दचकले.

"शेजारी उभी असलेली बायको दिसत नाही यांना," ती मला म्हणाली. "सव्वीस वर्षांनी असंच होतं का हो ताई?"

"समोर येऊन उभी राहा, दिसशील," भावजी भिंगाआडून म्हणाले.

चेष्टेवारी नेलं, पण तिच्या मनातून जाईना. शेवटी एका गुरुवारी आम्ही दोघींनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं.

आमच्याकडे डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे कुणाला थेट जाता येत नाही. तसा कायदा आहे, आणि खरं सांगायचं तर तो वाईट हेतूने झालेला नाही. पूर्वी चष्म्याचा नंबर काढायलाही लोक तिथेच रांग लावायचे आणि ज्यांची दृष्टी जात होती ते मागे राहायचे. आता भागातल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी कुणाला द्यायची तेही फॉर्मच्या मागे छापलंय: डोळा लाल असेल, दुखत असेल, किंवा भिंतीवरच्या तक्त्याची पाचवी ओळ वाचता येत नसेल, तर.

सकाळी मी देवापुढे बसले होते, तेव्हा मागितलं होतं की भावजी तपासणीत पास होऊ देत. देवाने ऐकलं. भावजींनी पाचवी वाचली, सहावी वाचली, शेवटची वाचली, आणि तक्त्याच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"हे आजवर कुणी वाचलं नव्हतं," डॉक्टरबाई हसल्या. "उत्तम डोळे आहेत. चिठ्ठी देता येणार नाही. तीन महिन्यांनी या."

"पण ते आदळतात हो सगळीकडे," जाऊ म्हणाली.

डॉक्टरबाईंनी फॉर्म उलटा करून तो छापील मजकूर पुन्हा पाहिला. "आदळण्याला इथे जागा नाही," त्या हळूच म्हणाल्या. बोलताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

भावजी परीक्षेत पहिले आल्यासारखे घरी आले. आठ दिवस जो येईल त्याला छापखान्याचं नाव सांगत होते.

नवव्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून, त्याचे सगळे भाग ताटलीत मांडून ते बसले होते. ताटली कोपराजवळ होती. हात वळला आणि सगळं जमिनीवर. असं त्यांच्या हातून एकतीस वर्षांत झालं नव्हतं. जाऊ गेली तेव्हा ते गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते. तिने शेवटचा स्क्रू शोधून दिला. भावजी उठून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताटली तिथे होती हे मला माहीत होतं गं. दिसली मात्र नाही."

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. मी आतून हलले ती त्यामुळे. उजवा हात गेला तर हा माणूस डाव्या हाताने काम करेल, पण डोळा गेला तर काय करेल?

मला रोज दोन ओळी लिहून ठेवायची सवय आहे. वही मागे चाळली तर चौकट, कप, दचकणं, सगळं तारखांनिशी सापडलं, पहिलं अकरा महिन्यांपूर्वीचं. ते एका कागदावर उतरवून आम्ही परत दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी कागद वाचला. मग खुर्ची पुढे ओढून भावजींच्या समोर बसल्या, म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा. बोटं हलताना दिसली की सांगा." त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले आणि बोटं हलवत हळूहळू आत आणायला लागल्या. आम्हाला ती केव्हाचीच दिसत होती. भावजी गप्प. हात त्यांच्या कानांपुढे आले, गालांसमोर आले, तेव्हा म्हणाले, "आता."

जावेने माझा हात धरला.

डॉक्टरबाई उठून टेबलामागे गेल्या. "समोरचं शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि कडा आधी जातात, असा एक आजार आहे," त्या म्हणाल्या. "तक्ता फक्त समोरचं मोजतो. तुम्ही पास झालात तोच घोळ झाला."

"मग द्या ना चिठ्ठी," जाऊ म्हणाली.

त्यांनी कपाटातून कायद्याची पुस्तिका काढली. त्यात या अटींच्या पुढच्याच पानावर होतं की छापील अटींत न बसणाऱ्या रुग्णालाही, उशिराने कायमचं नुकसान होईल असं डॉक्टरांना वाटलं, तर कारणं लिहून, सही करून पाठवता येतं. "गेल्या वर्षी याच कलमाखाली मी एकाला पाठवलं," त्या म्हणाल्या. "त्याला काही निघालं नाही. चार महिने माझी चौकशी चालली. तेव्हापासून मी हे पान उलटत नाही, खरं तेच सांगते."

भावजींना रिकामं बसवत नाही. "तुमच्या हातातलं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे," ते म्हणाले. "बघू का?" आणि बाईंनी काढून देताच खिशातली पातळ सुरी निघाली, मागचं झाकण उघडलंही. त्यांनी झाकण आणि आपलं भिंग बाईंपुढे सरकवलं.

"आतल्या बाजूला बघा. सुईने कोरलेलं."

"आकडे आहेत. तीन ठिकाणी."

"तिघांनी तीन वेळा उघडलंय. कधी उघडलं, काय केलं, कोणी केलं, ते त्यांच्या खुणेत आहे. आम्ही सगळे घड्याळजी करतो असं. या दुसऱ्याने स्क्रू चुकीचा बसवलाय, म्हणून मागे पडतंय. पण खूण करायला चुकला नाही."

"आणि चूक निघाली की माणूस त्याच्याकडेच जाणार."

"जाऊ दे की. तो सांगेल, मला तेव्हा असं असं दिसलं म्हणून असं केलं. तुम्ही गेल्या वर्षी काय लिहिलं होतं?"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "'गरज वाटते.' तेवढंच. गर्दी होती."

"एवढंच कोरलं तर आम्हालाही काही कळत नाही," भावजी म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या, आणि मग कोरा कागद ओढून लिहायला बसल्या. बोटं कुठे आल्यावर दिसली ते लिहिलं. माझ्या तारखा उतरवल्या. छापील अटींप्रमाणे दृष्टी उत्तम आहे हेही लिहिलं, आणि तरी का पाठवते ते लिहिलं. पान भरून खाली सही केली.

दहाव्या दिवशी तज्ज्ञांनी पाहिलं. आजार तोच निघाला. गेलेल्या कडा परत येणार नाहीत, पण राहिलेलं रोजच्या थेंबांनी राखता येईल, असं ते म्हणाले. चिठ्ठीचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि स्वतःच्या फायलीत लावून घेतला.

दवाखान्यात चौकशीचं पत्र आलंच. या वेळी बाईंनी त्या पानाची नक्कल पाठवली, आणि पंधरा दिवसांत 'कारणे योग्य' असं उत्तर आलं. आता त्या चाळिशीपुढच्या प्रत्येकासमोर बसून बोटं हलवतात. बाहेर थांबलेले लोक कुरकुर करतात की डोकं दुखतंय म्हणून आलो तर बाई हातवारे करतात.

भावजींनी ताटली आता नाकासमोर ठेवायची सवय लावून घेतलीय. रात्री नऊला जाऊ थेंब घालते. "एक मिनिट" म्हटलं तर ऐकत नाही.

काल सहा महिन्यांची तपासणी होती. मी देवाजवळ काही मागितलं नाही, नुसती बसले. काय मागावं ते मला कळत नाही हे एकदा सिद्ध झालंय. दुपारी दोघं परत आले. जावेने अहवाल माझ्या हातात दिला. त्यात एकच ओळ होती: मागील तपासणीपेक्षा बदल नाही.

"काटे जागच्या जागी असले की आमच्यात त्याला बंद पडलं म्हणतात," भावजी म्हणाले, आणि पाणीसुद्धा न पिता दुकान उघडायला गेले.