चार क्लॅम्प आणि भिंगबाई

भिंगबाईंचा नवरा सांगायचा, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ही बाई लाजली वगैरे काही नाही. तिने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, केस खरे आहेत की टोप आहे म्हणून. या गोष्टीवर त्यांच्या घरी येणारा पाहुणा हटकून हसायचा. भिंगबाई हसायच्या नाहीत. "बघायला काय जातं?" एवढंच म्हणायच्या.

खरं नाव कागदोपत्री होतंच, पण प्रसूती रुग्णालयात ते कोणी वापरत नव्हतं. गळ्यात दोरीला अडकवलेलं जाड काचेचं भिंग, म्हणून भिंगबाई. तळमजल्यावर लिफ्टच्या मागे जी खोली होती, जिथे वरच्या मजल्यांवरच्या सगळ्या कात्र्या, चिमटे, ट्रे रक्ताने माखून यायचे आणि धुऊन, वाफेवर निर्जंतुक होऊन परत जायचे, त्या खोलीच्या त्या मुख्य. एका भिंतीला लांबलचक सिंक, मध्ये पत्र्याचं टेबल, कोपऱ्यात ऑटोक्लेव्हचं धूड. त्याच्या वाफेने खोली कायम दमट असायची आणि भिंगबाईंचा चष्मा कायम धुरकट. तरी त्यांना दिसायचं नाही असं काही नव्हतं. कात्रीच्या खिळीत केसाएवढा डाग राहिला असेल तर तो त्यांना सापडायचा आणि मग तो ठेवणाऱ्याची धडगत नसायची. उभी हयात त्या खोलीत गेली होती. ती खोली म्हणजे त्यांचं राज्य होतं, आणि राज्यात कोणावरही विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा एकमेव कायदा होता.

या रुग्णालयात नवजात मुलांची सुंताही व्हायची. ज्या आईबापांना करून घ्यायची असायची, ते बाळाला घेऊन घरी जाण्याआधी ती उरकून घ्यायचे. बाळांच्या डॉक्टरबाई ती करायच्या आणि त्यासाठी दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे प्लॅस्टिकची रिंग. ती आत सरकवायची, वरून दोरा आवळून बांधायचा, आठवडाभरात त्वचा सुकून रिंग आपोआप गळून पडायची. भिंगबाईंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "आपोआप पडते म्हणे. घरी गेल्यावर ती पडली की कोणी ओढली, कोण बघायला जातंय?" त्यांचा जीव होता तो धातूच्या क्लॅम्पवर. चार तुकड्यांचा तो जिन्नस. भोक असलेली प्लेट, तिच्यावर बसणारा दांडा, बाळाच्या नाजूक भागाला झाकणारी छोटी घंटी, आणि सगळं आवळायला एक नट. घंटी आतून, प्लेट बाहेरून, मधली त्वचा दोघींच्या मध्ये घट्ट चेपायची. काही मिनिटं तसंच धरायचं, म्हणजे रक्तवाहिन्या मिटतात, आणि मग कापायचं. घंटीमुळे आतल्या भागाला पात्याचा स्पर्शही होत नाही. सगळी मदार त्या चेपण्यावर. फट राहिली तर रक्त थांबत नाही.

असे चार क्लॅम्प रुग्णालयाकडे होते. त्यातले दोन झिजले, म्हणून मोडीत गेले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कंपनीचे दोन आले. दिसायला जुळी भावंडं. त्याच सुमारास खोलीत मामा आले.

मामा म्हणजे नवे मदतनीस. रुग्णालयात अशा प्रत्येकाला मामाच म्हणतात, वय काहीही असो. हे चांगले पन्नाशीचे होते. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, पण घड्याळ दुरुस्त करून घेणारे लोकच राहिले नाहीत, तेव्हा दुकानाला कुलूप लावून इथे कंत्राटावर लागले. बोलणं कमी, हात सावकाश. एक क्लॅम्प घ्यायचे, धुवायचे, पुसायचे, जोडायचे, पाकिटात घालून टेप लावायचे, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचे.

भिंगबाईंच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. इतकं सावकाश कोण करतं? ज्याला वेळ काढायचा आहे तो, नाहीतर ज्याला काही लपवायचं आहे तो. शिवाय हा माणूस कसलीच तक्रार करत नव्हता. पाणी गार आहे, हातमोजे फाटके आहेत, कशाबद्दल चकार शब्द नाही. ज्याची तक्रार नाही त्याचं काहीतरी वेगळंच चाललेलं असतं, असं भिंगबाईंचं ठाम मत होतं. नवऱ्याला त्यांनी तसं सांगितलंही.

"मीही तुझी तक्रार करत नाही," नवरा म्हणाला.

"म्हणून तर तुमच्यावर लक्ष असतं माझं."

मग त्यांनी आपली जुनी सवय जास्तच कसोशीने पाळायला सुरुवात केली. मामा संध्याकाळी घरी गेले की त्या दाराला आतून कडी घालायच्या, ऑटोक्लेव्हमध्ये जायला तयार असलेली मामांची सगळी पाकिटं उघडायच्या, क्लॅम्प सोडवून सगळे तुकडे एकाच ट्रेमध्ये पसरायच्या आणि एकेक भिंगाखाली धरायच्या. डाग नाही, चीर नाही, गंज नाही. मग पुन्हा जोडून नवी टेप लावून पाकिटं वाफेवर चढवायच्या. मामांच्या आधी जे जे मदतनीस आले त्यांच्या पाकिटांचंही त्यांनी हेच केलं होतं. वर्षानुवर्षांत एकदाही गडबड झाली नव्हती.

आणि एका सकाळी झाली. डॉक्टरबाईंनी क्लॅम्प सोडला आणि बाळाला रक्त येऊ लागलं. थांबेना. टाका घालावा लागला. बाळ सुखरूप होतं, दुपारी दूधही प्यायलं, पण बाळाच्या आजीने व्हरांड्यात असा काही आकांत मांडला की मेट्रनबाई स्वतः खाली आल्या. त्यानंतर डॉक्टरबाई क्लॅम्प हातात आल्यावर वापरण्याआधीच नट आवळून खिडकीच्या उजेडासमोर धरायला लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांना आणखी एक सापडला. घंटी आणि प्लेट यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसत होती. दांडा एका कंपनीचा, बाकीचं दुसऱ्या कंपनीचं. कोणीतरी तुकड्यांची सरमिसळ केली होती.

मेट्रनबाईंनी भिंगबाईंना वर बोलावलं. "सिस्टर, तुमच्या खोलीत काय चाललंय? कोण करतंय हे?"

भिंगबाईंना विचार करायला वेळ लागला नाही. "मी इतकी वर्षं आहे. तेव्हा कधी झालं नाही. आता होतंय. नवीन कोण आलंय ते तुम्हीच बघा."

"म्हणजे मामा?"

"मी नाव घेतलं नाही," भिंगबाई म्हणाल्या, आणि नाव न घेताही जे करायचं होतं ते झालं. मामांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. मामांनी ऐकून घेतलं, हातमोजे काढून सिंकच्या कठड्यावर वाळत घातले आणि गेले. जाताना भिंगबाईंकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात काय होतं हे भिंगबाईंना कळलं नाही, पण गुन्हेगार माणूस असंच बघतो अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्यांना हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. नवा माणूस मिळेपर्यंत सगळं काम त्या एकट्याच करू लागल्या. क्लॅम्प त्याच धुवायच्या, त्याच जोडायच्या. आणि स्वभावाला औषध नाही म्हणून संध्याकाळी कडी घालून स्वतःची पाकिटंही स्वतःच उघडायच्या, ट्रेमध्ये पसरायच्या, भिंगाने तपासायच्या, पुन्हा जोडायच्या. मनुष्याने स्वतःवर तरी किती भरवसा ठेवावा!

तिसऱ्या वेळेला ऑपरेशन थिएटरची सिस्टर धावत खाली आली. टेबलावर बाळ होतं, बाहेर बाप येरझाऱ्या घालत होता. तिच्या हातात क्लॅम्प होता. "डॉक्टरबाई म्हणतायत, परत तेच. त्या आता रिंग वापरतायत. पण त्या विचारतायत, आता कोण?"

भिंगबाईंनी क्लॅम्प घेतला, नट आवळला आणि दारातल्या उजेडात धरला. रेघ दिसली. सिस्टर निघून गेली तरी त्या तशाच उभ्या होत्या. संशय घ्यायला खोलीत दुसरं कोणी उरलंच नव्हतं. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. मग हळूहळू, नको नको म्हणताना, सगळं डोळ्यांसमोर आलं. पूर्वी चारही क्लॅम्प एकाच कंपनीचे होते. कुठलाही दांडा कुठल्याही प्लेटवर बसला तरी बिघडत नव्हतं, म्हणून ट्रेमधली सरमिसळ कधी कोणाला नडली नाही. नव्यांचा दांडा सुताभराने तोकडा होता. त्यांनी इतक्या वेळा भिंगाखाली धरला, पण डाग शोधायला. दुसऱ्या दांड्याशेजारी ठेवून त्यांनी तो कधी पाहिलाच नाही. मामा जोडायचे ते बरोबर असायचं. दाराला कडी घालून ते बिघडवत होत्या त्या स्वतः. त्यांना बसावंसं वाटलं, पण त्या खोलीत खुर्ची नव्हती. काम करणाऱ्यांनी बसू नये म्हणून त्यांनीच ती काढायला लावली होती.

ही गोष्ट गिळून टाकता आली असती. नवा माणूस आला असता, त्याच्यावर खापर फोडता आलं असतं. पण टाका पडलेलं ते बाळ त्यांच्या डोक्यातून जाईना. त्या जिना चढून मेट्रनबाईंकडे गेल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. "मामा तुम्हाला भेटायला आले होते का?"

"नाही."

"मग त्यांची बायको आली असेल. रडली असेल. सिस्टर, तुम्हाला दया आली हे मी समजू शकते, पण त्यासाठी असलं काहीतरी अंगावर घ्यायचं कारण नाही."

भिंगबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात कधी नव्हे ते स्वतःच्या तोंडाने स्वतःची चूक सांगावी, आणि समोरच्याने तीही खोटी ठरवावी! त्यांनी मेट्रनबाईंना जवळजवळ ओढतच खाली आणलं. चारही क्लॅम्प सोडवून ट्रेमध्ये पसरले आणि रोज जोडायच्या तसे भराभर जोडले. मेट्रनबाईंनी एकेक घेऊन उजेडात धरला. चारपैकी दोन क्लॅम्पमध्ये रेघ होती.

"हं," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता मामांना तुम्हीच बोलवा. मला तोंड नाही."

मामा एका शिवणकामाच्या दुकानावरच्या खोलीत राहत होते. दार त्यांच्या बायकोने उघडलं. तिने गळ्यातल्या भिंगावरून भिंगबाईंना ओळखलं, आत घेतलं, पण कपाटाला कुलूप लावून मगच पाणी आणायला गेली. मामा उठले. त्यांनी खुंटीवरची आपली कामाची पिशवी काढली आणि भिंगबाईंच्या पुढ्यात चटईवर उपडी केली. डबा, चमचा, रुमाल, छत्री.

"बघून घ्या बाई. तिथलं काही आणलेलं नाही मी."

भिंगबाईंनी छत्री उचलून परत पिशवीत ठेवली. "मामा, मी झडती घ्यायला नाही आले," त्या म्हणाल्या, आणि आज दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी एका दमात जमलं नाही.

मामांनी ऐकून घेतलं. "पाकिटं उघडता हे माहीत होतं मला. मी टेप हाताने फाडतो. सकाळी बघावं तर कात्रीने कापलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? तुमची तक्रार तुमच्याकडेच? आणि खरं सांगू? मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय. मला घालवायला. त्या पोराला रक्त आलं तेव्हाही मला तसंच वाटलं, आणि तरी मी गप्प बसलो. झोप लागत नाही बाई मला."

"अहो, मुद्दाम कशी करेन मी? बाळं आहेत ती!"

बायको पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी राहिली होती आणि तिचं लक्ष भिंगबाईंच्या हातांवर होतं. आपल्यावर असं लक्ष ठेवलेलं भिंगबाईंनी कधी अनुभवलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या. "मेट्रनबाईंनी सांगितलंय."

"तुम्ही असाल ना तिथे?"

"असेन की."

"मग नको. तुम्ही उघडणारच."

"नाही उघडणार," असं भिंगबाई म्हणणार होत्या. तोंडापर्यंत आलं होतं. पण मामा गेल्यानंतर त्या स्वतःचीच पाकिटं रोज उघडत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. खाली दुकानात शिलाईचं यंत्र चालू झालं, बंद झालं. भिंगबाईंना आपली खोली आठवली, ते सिंक, ती वाफ.

"मी नसेन," त्या म्हणाल्या. "मी वर वॉर्डात बदली मागते. खोली तुम्ही सांभाळा. वरच्या सिस्टरना मी सांगेन, मामांच्या पाकिटाला कोणी हात लावायचा नाही म्हणून. मीसुद्धा नाही."

मामांनी बायकोकडे पाहिलं. तिने पेला भिंगबाईंच्या पुढे ठेवला.

"आज म्हणताय," ती म्हणाली. "उद्या फिरलात तर? हे लिहून द्याल?"

एरवी अशा प्रश्नावर भिंगबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांना राग आला नाही. तिच्या जागी त्या असत्या, तर त्यांनीही हेच मागितलं असतं, आणि वर दोन साक्षीदारही मागितले असते. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि मामांकडे कागद मागितला.