पोळी मिळणार नाही

कुमुदकाकू शिकवताना दोन्ही हात मांडीवर ठेवून बसत. समोर कणकेची परात, शेगडीवर पुरण, भोवती चार घरच्या सुना. आणि ज्या हातच्या पोळ्यांसाठी देवासमधली निम्मी मराठी घरे सणासुदीला खोळंबत, ते हात स्वस्थ. कुणाची पोळी फाटली तरी उठे तो फक्त आवाज. "दाबू नको ग. लाटणं हलकं धर, पोळी आपण होऊन फिरते."

आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती. नानाकाका होते तेव्हा सणाच्या पहाटे तिच्यातून पुरणयंत्राची घरघर येई आणि मागोमाग विरघळत्या गुळाचा ओलसर, तांबूस वास. काका पुरण वाटीत, काकू पोळ्या लाटीत. मग स्कूटरला डबे लटकवून काका निघत आणि गल्लीभर ओरडत, "हटो भिया, देवीचा नैवेद्य येतोय!"

काका फाल्गुनात गेले. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या तोंडावर दरवर्षी पोळ्या घेणाऱ्या कानडेवहिनी आल्या आणि फार हळुवारपणे म्हणाल्या, "यंदा राहू द्या, काकू. सासूबाई म्हणतात, नैवेद्याला सवाष्णीचा हात हवा. तुम्ही आता आराम करा." आरामाचा तोच सल्ला घरोघरून आला. काकूंना मूलबाळ नव्हते. पोट याच शेगडीवर होते.

मी समजूत घालायला गेले, तर त्या पुरणयंत्र लख्ख घाशीत होत्या. "शाळेतल्या शिक्षिकांना जेवणाचे डबे द्यायला लागा," मी सुचवले.

"करीन एखादे वेळी. पण पुरण का सोडू? सवाष्णीचा हात हवा ना त्यांना? मग हात त्यांचे. बाकी सगळं माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'पोळी मिळणार नाही. शिकवली जाईल.' खाली तेच हिंदीत, कारण नव्या सुना मराठी वाचताना अडखळत.

पहिल्याच शिकवणीत काकू म्हणाल्या, "आता एक उंडा घे."

इंदूरकडची एक सून दचकली. "अंडा? काकू, महालक्ष्मीला अंडा?"

मग काकू हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. काका गेल्यानंतर ते हसू मी प्रथमच ऐकत होते. "अग, उंडा! कणकेचा गोळा! नाना असते तर गावभर सांगत सुटले असते."

तीच सून पुढे पुरणात बोट घालू पाहत होती. "चखून देखू?"

"देवाच्या आधी? वास घे. कच्चा गूळ नाकाला टोचतो. शिजला की घशाशी उतरतो."

पुढल्या भाद्रपदात शिकवणीला बसायला जागा पुरेना. अशाच एका दुपारी कानडेवहिनी पुन्हा दारात आल्या. "सासूबाई म्हणाल्या, तुम्हीच करून द्या. आमच्याकडे कुणाला जमत नाही, आणि तुमच्या पोळीची सर कशाला नाही."

मला वाटले, काकू जिंकल्या; आता उठतील, कणीक पुढे ओढतील. त्या उठल्या, पण वहिनींसाठी पाट मांडायला.

"सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. विकायची पोळी मी बंद केली," त्या म्हणाल्या. "बसा, वहिनी. पदर खोचा."